संध्याकाळचा वर्ग बंद करून काय साधणार?

दहावी आणि बारावीचे संध्याकाळचे जादा वर्ग बंद करावेत, निदान मुलींना तरी पाचच्या आत घरी सोडावे, अशी लेखी सूचना काही पालकांनी विश्वस्त मंडळाकडे दिली आहे. तिच्यावर पुढच्या बैठकीत निर्णय व्हायचा आहे. त्याआधी आमचे म्हणणे या पानावर मांडावे, असे आम्हा संपादक मंडळातील सर्वांना वाटले. आम्ही या सूचनेच्या विरुद्ध आहोत. मात्र पालकांची भीती खोटी आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही.

भीतीला कारण आहे. गेल्या दोन महिन्यांत शाळेच्या मागच्या गल्लीत दोन प्रकार घडले. नातवाला न्यायला आलेल्या एका आजींच्या गळ्यातले मंगळसूत्र मोटारसायकलवरच्या दोघांनी ओढले. आजी पडल्या, मनगटाला प्लास्टर बसले. दुसऱ्या प्रकारात दहावीच्या दोन मुलींच्या मागे एक गाडी सलग चार दिवस चौराह्यापर्यंत हळूहळू येत राहिली. चौथ्या दिवशी मुलींनी घरी सांगितले. हे झाले आपल्या दारातले. शहराचे पाहायला गेले, तर सकाळी पोहे-जिलबीची बशी पुढे घेऊन पेपर उघडावा आणि कुठल्या तरी चौराह्यावर चाकू चालल्याची बातमी वाचावी, याची आता इंदूरकरांना सवय होत चालली आहे. कुणाचा मोबाइल गेला, कुणाच्या घराचे कुलूप तुटले, कुणा एकट्या राहणाऱ्या आजोबांना फोनवर धमकावून बँक खाते रिकामे केले. हळदीकुंकवात, रहवासी संघाच्या बैठकीत, रिक्षात, सगळीकडे तोच विषय.

विषय निघतो खरा, पण पुढे त्याचे काय होते? आपल्या गल्लीतल्या दोन प्रकारांचे काय झाले ते सांगतो. आजींच्या घरच्यांनी आधी ठरवले, की सोने गेले, जीव वाचला, आता ती भानगड नको. शेजाऱ्यांनी फारच आग्रह केला म्हणून ते ठाण्यावर गेले. तिथे त्यांच्याकडून साध्या कागदावर ‘आवेदन’ लिहून घेतले आणि घरी पाठवले. आवेदन म्हणजे गुन्हा नोंदवणे नव्हे, हे त्यांना कोणी सांगितले नाही आणि त्यांनीही विचारले नाही. मुलींच्या बाबतीत तर कोणी ठाण्याची पायरीही चढले नाही. “उगीच मुलीचे नाव यायचे,” एवढ्या एका वाक्यावर विषय संपला. म्हणजे सरकारी कागदपत्रे उघडून पाहिली, तर आपल्या मागच्या गल्लीत या दोन महिन्यांत काहीही घडलेले नाही. तिथे गस्तीची गाडी का येत नाही, असे आपण विचारतो. ती येणार कशाला? कागदोपत्री ती शहरातली सर्वांत शांत गल्ली आहे!

आमचा मुख्य मुद्दा हाच आहे. आपल्या मराठी मंडळींत मुकाट्याने सोसण्याला शहाणपण समजण्याची जुनी खोड आहे. कोर्टाची पायरी शहाण्याने चढू नये, असे आपण मुलांना लहानपणापासून ऐकवतो. पण सोसलेली घटना कुठेच उरत नाही. ती पोलिसांना दिसत नाही, निगमाला दिसत नाही, आणि सहा महिन्यांनी त्याच जागी दुसऱ्या कुणाच्या तरी आजी पडतात. चोराला मात्र पक्के कळलेले असते, की या गल्लीत कोणी बोलत नाही.

इथे आकड्यांविषयी थोडे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी देशातल्या गुन्ह्यांचा अहवाल काढतो. त्यात वीस लाखांवर लोकसंख्येच्या १९ महानगरांचा वेगळा तक्ता असतो आणि इंदूर त्यात आहे. हा तक्ता प्रसिद्ध झाला, की आपले शहर वर गेले की खाली आले यावर दोन दिवस चर्चा होते. पण या तक्त्यात असतात ते नोंदलेले गुन्हे. नोंद वाढली म्हणजे गुन्हे वाढलेच असे नाही, हा इशारा खुद्द तो विभागच अहवालात देतो. लोक निर्भयपणे तक्रार करू लागले, तरी आकडा चढतो, आणि ठाण्यांनी आवेदनावरच भागवले, तर आकडा सुंदर दिसतो. म्हणून शहराचा आकडा वाढला तर आम्हाला घाबरायला होत नाही. ज्या गल्लीचा आकडा शून्य आहे आणि जिच्यातून जाताना बायका पर्स छातीशी धरतात, त्या गल्लीची आम्हाला जास्त काळजी वाटते.

आता ‘भानगड’ या शब्दाकडे वळू. ठाण्यावर जाणे म्हणजे काय होते, याविषयी आपल्या मनात जे चित्र आहे, ते बरेचसे जुने आहे. १ जुलै २०२४ पासून देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले. भारतीय दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. त्यांत सामान्य माणसाच्या उपयोगाच्या काही गोष्टी आहेत. गळ्यातला दागिना किंवा हातातला मोबाइल हिसकावून नेणे हा आता कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पूर्वी तो साध्या चोरीच्या नाही तर मारहाणीच्या कलमात बसवावा लागे. घटना कोणत्याही ठाण्याच्या हद्दीत घडलेली असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यावर देता येते. “हे आमच्या हद्दीत येत नाही” हे उत्तर आता चालत नाही. खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही पाठवता येते, मात्र तीन दिवसांच्या आत जाऊन तिच्यावर सही करावी लागते. नोंदलेल्या गुन्ह्याची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, आणि तपास कुठवर आला ते ९० दिवसांच्या आत त्याला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ठाण्याने नोंद नाकारली, तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे टपालाने लेखी तक्रार करता येते, आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की तो नोंदवलाच पाहिजे, हे तर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केलेले आहे.

म्हणून आवेदन देऊन परत येऊ नये. “प्रथम सूचना अहवालाची प्रत द्या” एवढे एक वाक्य नम्रपणे पण उभे राहून म्हणावे, आणि प्रत हातात पडेपर्यंत तिथून हलू नये. दोघा-तिघांनी मिळून गेले तर फारच बरे. एकट्या माणसाला टाळणे सोपे असते.

आणखी एक गोष्ट आमच्या ज्येष्ठ वाचकांसाठी. साक्षीदार झालो तर या वयात ठाण्याच्या खेपा घालाव्या लागतील, ही भीती अनेकांच्या तोंडून ऐकू येते. कायदा तसे म्हणत नाही. स्त्रिया, पंधरा वर्षांखालची मुले, साठीच्या वरचे पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना साक्षीच्या चौकशीसाठी ठाण्यावर बोलावण्याची सक्ती करता येत नाही. चौकशी करायची तर पोलिसांनी त्यांच्या घरी यावे. बाल्कनीत बसून गल्लीतले सगळे पाहणारे आमचे कितीतरी आजोबा या एका तरतुदीच्या अज्ञानामुळे गप्प राहतात.

मुलींच्या नावाविषयी थोडे अधिक सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तिथेच पालक अडतात. कुणाच्या मागे मागे जाणे, तिला नको असताना पुन्हा पुन्हा गाठणे, हा २०१३ पासून आपल्याकडे गुन्हा आहे, आणि न्याय संहितेत तो कलम ७८ मध्ये आला आहे. पहिल्यांदा दोष सिद्ध झाल्यास तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत. मुलगी अठरा वर्षांखालची असेल आणि तिच्यामागे वाईट हेतूने कोणी लागला असेल, तर २०१२ चा ‘पॉक्सो’ कायदाही लागू होतो. त्या कायद्याप्रमाणे मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि त्या वेळी अधिकारी गणवेशात नसावा. तिला रात्री ठाण्यावर थांबवून घेता येत नाही. तिची ओळख पटेल असे काहीही वर्तमानपत्राने छापायचे नसते. “नाव येईल” ही आपली जी सर्वांत मोठी धास्ती, तिचा विचार कायदा करणाऱ्यांनी आधीच केलेला आहे.

त्याच कायद्याची दुसरी बाजू विश्वस्तांनी लक्षात घ्यावी अशी आहे. मुलावर किंवा मुलीवर असा अपराध झाल्याचे ज्याला कळले, त्याने तो पोलिसांना कळवलाच पाहिजे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या कुणाचा अपराध दडवला, तर त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. शाळेची अब्रू जपण्यासाठी प्रकरण मिटवून टाकणे हा आता केवळ नीतीचा प्रश्न राहिलेला नाही.

आता वेळेचा मुद्दा घेऊ, कारण मूळ सूचना वेळेविषयीच आहे. पाचनंतर धोका आणि पाचच्या आधी सुरक्षित, असे काही खरेच आहे का? २३ ऑक्टोबर २०२५ चा प्रसंग सर्वांना आठवत असेल. महिला क्रिकेटच्या विश्वचषकासाठी ऑस्ट्रेलियाचा संघ आपल्या शहरात उतरला होता. त्यांच्या दोन खेळाडू हॉटेलातून निघून जवळच्या कॅफेकडे पायी जात होत्या. एका मोटारसायकलस्वाराने त्यांची छेड काढली. वेळ भर दिवसाची, रस्ता वाहता. साऱ्या जगात इंदूरचे नाव गेले, आणि ते स्वच्छतेसाठी नव्हे. त्यानंतर, खेळाडूंनी न सांगता बाहेर पडायला नको होते, असाही सूर निघाला. तो सूर आणि मुलींना पाचच्या आत घरी सोडा ही सूचना, दोन्हींच्या मुळाशी एकच विचार आहे: जिला त्रास झाला तिनेच घरात बसावे.

पण त्या प्रसंगातली दुसरी गोष्ट आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. रस्त्यावरच्या एका माणसाने त्या गाडीचा नंबर टिपून घेतला. खेळाडूंनी लगेच आपल्या संघाच्या सुरक्षा अधिकाऱ्याला कळवले, त्याने ठाण्यात फिर्याद दिली, आणि संशयिताला लवकरच अटक झाली. पाहुणे बडे होते म्हणून पोलीस हलले, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य असेलही. तरीही टिपलेला नंबर आणि नोंदवलेली फिर्याद या दोन गोष्टी नसत्या, तर हलायचे कशाच्या आधारावर? आपल्या मुलींच्या मागे ती गाडी चार दिवस येत होती. चार दिवस! गल्लीत तेरा घरे आहेत. गाडीचा नंबर एकालाही सांगता आला नाही.

याचे कारण आहे. रामबाग, नारायणबाग, जेल रोड या आपल्या जुन्या वस्त्यांत जे वाढले, त्यांना ओटला म्हणजे काय ते सांगायला नको. दिवेलागणीला ओटल्यावर कोणी ना कोणी बसलेले असेच. निवडायची भाजी, रेडिओ, एखाद्या मुलाचे पाढे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची यथेच्छ चौकशी. त्या चौकशीचा तरुणपणी वीट यायचा हे खरे. पण अनोळखी गाडी दुसऱ्यांदा दिसली, तर “कुणाकडे जायचंय?” असा प्रश्न हमखास यायचा. अमेरिकेतल्या जेन जेकब्स या बाईंनी १९६१ मध्ये मोठ्या शहरांच्या जगण्या-मरण्यावर एक पुस्तक लिहिले. रस्ता सुरक्षित राहतो तो मुख्यतः तिथे राहणाऱ्यांच्या, दुकानदारांच्या आणि ये-जा करणाऱ्यांच्या नजरेमुळे, पोलीस त्यानंतर येतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. न्यूयॉर्कच्या गल्ल्या पाहून त्यांना जे दिसले, ते आपल्या ओटल्यांवर रोज घडत होते. आता ओटले गेले, गाड्या ठेवायला जागा झाली, दाराला लोखंडी फाटक आणि फाटकावर कॅमेरा. कॅमेरा उपयोगी आहे, त्याला आमची ना नाही. पण कॅमेरा ओरडत नाही. तो पडलेल्या आजींना हात देऊन उठवत नाही. आजी पडल्या ते एका कॅमेऱ्यात स्पष्ट आले आहे, आणि त्यांना उठवायला माणूस आला तो चौराह्यावरच्या पंक्चरच्या दुकानातून.

आता याच गल्लीतून संध्याकाळी सात वाजता जाणाऱ्या पस्तीस-चाळीस मुलामुलींना आपण घरी बसवले, तर काय होईल? गल्ली आणखी ओस पडेल. ओस गल्ली कुणाच्या सोयीची असते, हे सांगायला नको. शिवाय ज्यांच्या घरी खासगी शिकवणीला पैसा आहे, त्यांच्या मुली भंवरकुआँच्या कोचिंगला जातील आणि तिथून रात्री नऊला परत येतील. ज्यांच्याकडे नाही, त्यांचा गणिताचा जादा तास तेवढा बुडेल.

बंद करणे हा शासनालाही आवडणारा उपाय आहे. २०२२ मध्ये आपल्या शहरात बीआरटीएसच्या दोन्ही बाजूंची दुकाने रात्रभर उघडी ठेवायला परवानगी मिळाली. नशेत धिंगाणा, मारामाऱ्या अशा तक्रारी वाढल्या, तेव्हा २०२४ मध्ये ती परवानगी काढून घेतली. त्या निर्णयाच्या बऱ्या-वाईटाची चर्चा इथे नको. रात्रीची दुकाने बंद झाली म्हणून चाकूबाजीच्या बातम्या थांबल्या, असे मात्र कोणी म्हणू शकणार नाही. उलट आपल्या सराफ्याकडे पाहा. दिवसा सोन्याची पेढी आणि रात्री तिच्याच पायऱ्यांपुढे भुट्ट्याचा कीस, गराडू नि जोशींचा दहीवडा. मध्यरात्रीपर्यंत तिथे बायका-मुले निर्धास्त फिरतात. तिथे गर्दी असते, उजेड असतो, आणि दुकानदाराला आपल्या दारापुढची काळजी असते.

पालकांच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट वारंवार येते, ती म्हणजे ‘बाहेरचे लोक’. पूर्वीचे इंदूर असे नव्हते, बाहेरून माणसे आली आणि बिघडले. हे ऐकले की आम्हाला थोडे हसू येते. १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदूरला आली. त्यांच्यामागून कारकून, भिक्षुक, वैद्य, मास्तर असे आपले पूर्वज देशावरून, कोकणातून इथे आले. माळव्यातल्या लोकांच्या दृष्टीने बाहेरचे लोक आपणच होतो! आज पीथमपूरच्या कारखान्यांत कामाला येणारा, भाड्याच्या खोलीत राहणारा मुलगा चोरच असेल असे धरून चालले, तर खरा चोर आपल्या शेजारच्या कॉलनीतला असला तरी आपल्याला दिसणार नाही. आणि एक सांगतो: आजींना उठवणारा पंक्चरवाला बिहारचा आहे.

मुलींच्या वेळेवर सभेत दीड तास चर्चा झाली, मुलांवर एक मिनिटही नाही, याचे आम्हाला नवल वाटले. मोटारसायकलवरून मागे येणारे ते दोघे कुठल्या तरी शाळेत जातात किंवा नुकतेच जात होते. त्यांचेही आईवडील आहेत. चाकूबाजीच्या बातम्यांत अल्पवयीन हा शब्द इतक्यांदा येतो, की तो आता डोळ्याला टोचेनासा झाला आहे. आपल्या शाळेत असे कोणी नाही, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण सोळा वर्षांच्या मुलाला स्कूटर देणारे पालक आपल्यातही आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. हेही त्यांना ठाऊक असावे. मुलींच्या मागे गाडी जात होती हे वर्गातल्या काही मुलांना पहिल्या दिवसापासून माहीत होते, असे आता कळते. त्यांना त्यात गंमत वाटली. विद्यार्थी मित्रांनो, रागावून लिहीत नाही, पण त्या चार दिवसांत तुमच्यापैकी एकाने जरी सरांना सांगितले असते, तर हा लेख लिहावा लागला नसता.

विश्वस्त मंडळाकडे आमच्या मागण्या फार खर्चाच्या नाहीत. संध्याकाळचे वर्ग चालू ठेवावेत. वर्ग सुटल्यावर मागच्या फाटकाऐवजी मोठ्या रस्त्याच्या फाटकाने मुलांना सोडावे, आणि शेवटचे मूल जाईपर्यंत एक शिक्षक व एक पालक तिथे उभे राहावेत. पालकांची पाळी लावली, तर एकेकाची खेप महिन्यातून एकदासुद्धा येणार नाही. मुलांनी गटाने जावे, कोण कुणाबरोबर जाते त्याची यादी वर्गशिक्षकांकडे असावी. मागच्या गल्लीत पाच खांब आहेत, त्यांतल्या तिसऱ्याचा दिवा दिवाळीपासून बंद आहे. निगमाच्या ‘३११’ अॅपवर त्याची तक्रार एकाने न करता गल्लीतल्या सगळ्यांनी करावी. ज्या निगमाने घराघरातला ओला-सुका कचरा वेगळा करून घेतला आणि २०१७ पासून शहराला सलग स्वच्छतेचा पहिला क्रमांक मिळवून दिला, त्याला एक दिवा जड नाही. तो क्रमांक सफाई कामगारांच्या कष्टाने आला, आणि कचरागाडीचे गाणे वाजले की डबा घेऊन धावत बाहेर येणाऱ्या तुमच्या-आमच्यामुळेही आला. कागदाचा कपटा रस्त्यावर टाकणाऱ्याला आपण आता बेधडक टोकतो. मुलींच्या मागे गाडी चालवणाऱ्याला टोकताना जीभ का अडखळते?

आपल्या शहरात डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्तालय आहे. नागरिकांनी पोलिसांच्या जोडीने काम करावे यासाठी राज्यात १९९९ पासून ग्राम व नगर रक्षा समित्यांचा कायदाही आहे. आपल्या रहवासी संघांतून त्या समितीत कोण आहे, हे बहुतेकांना माहीत नाही. चार-दोन निवृत्त, धडधाकट मंडळींनी त्यात नाव द्यावे अशी आमची विनंती आहे. गणेशोत्सवात मांडवाची रात्रपाळी करायला माणसे मिळतात, इथेही मिळतील. फाटकाजवळच्या फलकावर मोठ्या अक्षरांत ११२ हा क्रमांक लिहावा. राज्यात ऑगस्ट २०२५ पासून जुन्या १०० ऐवजी हाच चालतो. त्याखाली मुलांसाठी १०९८ आणि फोनवरून फसवणूक झाली तर १९३० लिहावा. हा शेवटचा क्रमांक मुले पुण्या-बंगळूरला गेल्यामुळे एकट्या राहणाऱ्या आमच्या आजी-आजोबांनी पाठच करावा. पोलीस व्हिडिओ कॉलवर कुणालाही अटक करत नाहीत. ‘डिजिटल अटक’ असा प्रकार कायद्यात नाही.

आजींच्या घरच्यांशी आम्ही पुन्हा बोललो. आवेदनाच्या जागी रीतसर गुन्हा नोंदवून घेण्यासाठी ते येत्या सोमवारी सकाळी अकराला ठाण्यावर जाणार आहेत. संपादक मंडळातले दोघे त्यांच्याबरोबर आहेत. गल्लीतल्या आणि पालकांपैकी ज्यांना यायचे असेल, त्यांनी साडेदहापर्यंत शाळेच्या मोठ्या फाटकापाशी जमावे.